पेल्विस ‘सरकली’ म्हणून कंबर दुखते का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही बघता येईल. वय ३८. जुळे सोलापुरातून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात, रोज मोटारसायकलवर जाणं-येणं. काम हिशेबाचं आणि माल पाठवण्याचं. खुर्चीच जास्त, पण गाडी भरायची घाई असली की गठ्ठ्यांना हात लावावाच लागतो. तीन वर्षं कंबर दुखतेय, उजवीकडे जास्त. एमआरआयमध्ये एल-४ एल-५ ला, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये, डिस्क बल्ज (चकती थोडी फुगलेली) निघाला. मग एका ठिकाणी सांगितलं की पेल्विस, म्हणजे कमरेच्या तळाचं हाडांचं कडं, पुढे झुकलीय, शिवाय उजवीकडून फिरलीय, म्हणून उजवा पाय ८ मिलिमीटर आखूड पडतो. ती ‘बसवून’ घ्यायला हवी. सात महिने दर आठवड्याला बसवून घेताय. दोन दिवस हलकं वाटतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बुटात टाचेखाली पॅड घातलाय, गाडीवर कमरेला पट्टा बांधताय. आणि विचारताय की पेल्विस एकदाची कायमची जागेवर कशी बसवायची.

मला विचाराल तर तुमचा प्रश्न एक पायरी आधी सुरू होतो. जी गोष्ट सात महिन्यांत तीसेक वेळा जागेवर आणली, ती मुळात जागेवरून हलली होती का?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. बावीस वर्षं सोलापुरात, त्यातली बहुतेक पूर्व भागात. आणि पहिलं कबूल करून टाकते: सुरुवातीची सात-आठ वर्षं मीही पेशंटना हेच सांगत होते. शनिवार-रविवारच्या एका कार्यशाळेत शिकून आले होते. पेशंटच्या मागे बसायचं, कमरेच्या दोन खळ्यांवर दोन अंगठे ठेवायचे, त्याला पुढे वाकायला सांगायचं आणि कुठला अंगठा जास्त वर जातो ते बघायचं. मग ठरवायचं, उजवी पेल्विस पुढे फिरलीय की मागे. लोकांना हे फार पटायचं. तीन वर्षं छळणाऱ्या दुखण्याला कुणीतरी नाव दिलं, जागा दाखवली आणि वर ‘आत्ता बसवून देते’ असं सांगितलं, तर कुणाला नाही आवडणार?

डोळे उघडले ते अगदी साध्या गोष्टीने. दवाखान्यात एक सहकारी माझ्याबरोबर काम करायची. आम्ही दोघी एकाच कार्यशाळेत शिकलेल्या. एकदा गंमत म्हणून ठरवलं की दिवसभरात येणारा प्रत्येक कमरेचा पेशंट दोघींनी वेगवेगळा तपासायचा आणि निष्कर्ष कागदावर लिहून संध्याकाळी ताडून बघायचे. संध्याकाळी कागद उघडले. निम्म्याहून जास्त ठिकाणी मी उजवी म्हटलेलं, तिने डावी. एका बाईंना तर मी ‘पुढे’ लिहिलेलं आणि तिने ‘काही नाही’. त्या बाईंना मी तीन आठवडे बसवत होते.

नंतर वाचायला लागले तेव्हा कळलं की हे जगाला केव्हाच ठाऊक होतं. १९८५ सालच्या एका अभ्यासात आठ फिजिओथेरपिस्टनी पेल्विसच्या मागच्या बाजूच्या सॅक्रोइलियाक सांध्याच्या तेरा चाचण्या करून पाहिल्या. त्यातल्या अकरा चाचण्यांमध्ये त्यांचं एकमेकांशी ७० टक्के सुद्धा जुळलं नाही. ज्या दोन जुळल्या, त्यांत हाड कुठे आहे हे चाचपायचं नव्हतं. सांध्यावर दाब देऊन पेशंटला ‘दुखतंय का?’ एवढंच विचारायचं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता पेल्विसबद्दल थोडं. कमरेच्या तळाशी परातीसारखं हे हाडांचं कडं असतं. दोन बाजूंना दोन मोठी हाडं, मागे मधोमध त्रिकोणी सॅक्रम, त्याखाली माकडहाड. सॅक्रम आणि बाजूचं हाड जिथे जुळतं तो सॅक्रोइलियाक सांधा, आम्ही बोलताना एसआय म्हणतो. खांदा फिरतो तसा तो फिरेल अशी कल्पना करू नका. त्याचे पृष्ठभाग खडबडीत, एकमेकांत रुतलेले, आणि शरीरातल्या सगळ्यात चिवट बंधांनी आवळलेले. १९८९ मध्ये स्वीडनमध्ये हाडांत टँटलम धातूचे बारीक गोळे बसवून एक्स-रेने या सांध्याची हालचाल मोजली. सरासरी अडीच अंश फिरणं आणि ०.७ मिलिमीटर सरकणं, बस्स. कातडी, चरबी आणि स्नायूंच्या थरावरून माझ्या अंगठ्याला एवढी हालचाल कळते, असं मी सात-आठ वर्षं समजत होते.

तरी कुणी म्हणेल, बसवल्यावर बरं वाटतं ना? वाटतंच, आणि तुमचे ते दोन दिवस खोटे नाहीत. १९९८ मध्ये त्याच गोळ्यांच्या पद्धतीने दहा पेशंटचं मोजमाप झालं, झटका देऊन सांधा ‘बसवण्या’च्या आधी आणि नंतर. तपासणाऱ्यांच्या हाताला वाटलं की सुधारणा झाली. एक्स-रेत हाडाची जागा बदललेलीच नव्हती. म्हणजे आराम खरा, कारण मात्र वेगळं. झटक्याने, ताणाने, हाताच्या उबेने मज्जासंस्था थोडी शांत होते, आखडलेले स्नायू सैल पडतात, तासाभराकरता वाकायची भीती जाते. हाडवैद्याने चोळून दिल्यावर, घरी गरम पाण्याची पिशवी लावल्यावरही थोडंफार हेच होतं. हा परिणाम काही तासांचा, फार तर दोन-तीन दिवसांचा. तिसऱ्या दिवशी हाड परत सरकत नाही. औषध उतरावं तसा तो परिणाम उतरतो, एवढंच.

आता ‘पुढे झुकलीय’ याकडे येऊ. २०११ मध्ये कंबर अजिबात न दुखणाऱ्या १२० माणसांची पेल्विस मोजली गेली. पुरुषांपैकी ८५ टक्क्यांची आणि बायकांपैकी ७५ टक्क्यांची पुढे झुकलेली निघाली, साधारण सहा-सात अंश. म्हणजे उभ्या माणसाची पेल्विस पुढे झुकलेली असणं हेच नेहमीचं. तुम्हाला रोग म्हणून जे सांगितलं, ते तुमच्या कारखान्यातल्या कंबर न दुखणाऱ्या बहुतेक गड्यांतही सापडेल.

याहून मजेशीर गोष्ट २००८ च्या एका अभ्यासात आहे. तीस मृतदेहांच्या पेल्विस घेतल्या, सगळ्या एकाच ठरलेल्या स्थितीत पक्क्या बसवल्या आणि आम्ही ज्या पुढच्या-मागच्या टोकांवरून झुकाव मोजतो त्या टोकांमधला कोन मोजला. शून्यापासून तेवीस अंशांपर्यंत काहीही निघालं. झुकलेली एकही नव्हती, हाडांचा घाटच वेगवेगळा. एकाच माणसाच्या उजव्या-डाव्या बाजूंत अकरा अंशांपर्यंत फरक सापडला. आपले दोन कान तरी कुठे सारखे असतात? तेव्हा तुमची उजवी बाजू ‘फिरलेली’ दिसत असेल, तर ती जन्मापासून तशीच असण्याची शक्यता मोठी आहे.

आणि झुकाव ही काही दगडावर कोरलेली रेघ नव्हे. खुर्चीत रेलून बसलात, मोटारसायकलवर बसलात, मांडी घातलीत, की पेल्विस मागे झुकते आणि कमरेचा बाक सपाट होतो. उभे राहिलात की ती पुन्हा पुढे. दिवसात शेकडो वेळा ती पुढे-मागे होते, तशी व्हायलाच हवी.

यावरून एक विडी कामगार बाई आठवतात. बावन्न वर्षांच्या, घरात तेलुगू. आल्या आल्या त्यांनी ‘नडुमु नोप्पी’ म्हणून कमरेवर पंजा ठेवला. (आमच्या भागात कंबर तीन भाषांत दुखते. मराठीत, तेलुगूत, आणि कन्नडमध्ये ‘सोंट नोवु’. हे तीन शब्द न येणाऱ्या फिजिओने सोलापुरात दुकान मांडू नये.) त्यांना कुणीतरी उभं करून तपासलं होतं आणि पेल्विस पुढे झुकलीय, जमिनीवर बसणं पूर्ण बंद करा, असं सांगितलं होतं. आता ही बाई पस्तीस वर्षं मांडी घालून, मांडीवर सूप घेऊन, वाकून विड्या वळतेय. म्हणजे दिवसातले आठ तास तिची पेल्विस मागे झुकलेली. जो झुकाव ‘कारण’ म्हणून सांगितला, तो तिच्या दुखण्याच्या वेळी अस्तित्वातच नव्हता! सल्ला ऐकून तिने महिनाभर काम थांबवलं. हजारीचे (हजार विड्यांमागे मिळणारे) पैसे गेले, कंबर होती तशीच राहिली, वर ‘माझी हाडं सरकलीत’ ही धास्ती बसली. आम्ही काय केलं? बुडाखाली सोलापुरी चादरीची जाड घडी, म्हणजे खुबे गुडघ्यांपेक्षा थोडे वर राहतील. पाठ भिंतीला. विड्यांचे चार कट्टे (जुड्या) झाले की उठून घरातच दोन फेऱ्या. आणि रोज उभ्याने करायचे तीन व्यायाम. अडीच महिन्यांनी तिचं काम पूर्ववत झालं. पेल्विस मी मोजली नाही.

पायाच्या ८ मिलिमीटरबद्दल. दोन्ही पाय तंतोतंत सारखे असलेली माणसं थोडीच. एक्स-रेवर अचूक मोजलं तर दहातल्या नऊ जणांत काही ना काही फरक निघतो, सरासरी पाच मिलिमीटरच्या आसपास. साधारण दोन सेंटिमीटरच्या आत असलेला फरक बहुतेकांना त्रास देत नाही, कारण शरीर त्याच्यासकट वाढलेलं असतं. तुमचा फरक टेबलावर आडवं करून, घोट्याशी घोटा जुळवून काढला असेल, तर मग तो ८ आहे की २ हेही सांगता येत नाही. तुम्ही टेबलावर जरा तिरके निजलात तरी तेवढा फरक पडतो.

इथे मात्र ‘परिस्थितीवर अवलंबून’ हे म्हणायलाच हवं. माझ्याकडे लहानपणी पोलिओ झालेले एक गृहस्थ येतात. त्यांच्या पायात साडेतीन सेंटिमीटरचा फरक आहे. त्यांच्या कमरेच्या त्रासात त्या फरकाचा वाटा नक्की आहे आणि चपलेची उंची वाढवल्याने त्यांना फायदा झाला. तीही एकदम नाही वाढवली, काही महिन्यांत थोडी थोडी. तसंच अपघातात मांडीचं हाड मोडून पाय आखडला किंवा खुब्याचा सांधा बदलल्यावर लांबी बदलली, तर फरक लहान असला तरी शरीराला तो नवा असतो आणि बोचू शकतो. तुमच्या लिहिण्यात असं काही नाही.

म्हणजे पेल्विसचा आणि कमरेचा संबंधच नाही, असं मी म्हणते का? मुळीच नाही. पेल्विसमुळे खरोखर कंबर दुखते अशा काही परिस्थिती आहेत. त्या मला तुमच्यात आधी शोधायच्या आहेत.

पहिली म्हणजे एसआय सांध्याचं दुखणं. जुन्या कंबरदुखीत याचा वाटा साधारण १५ ते ३० टक्के सांगतात. पेशंटला ‘एका बोटाने जागा दाखवा’ म्हटलं की बोट खळीच्या अगदी खाली-आत जातं, पट्ट्याच्या रेषेखाली, एकाच बाजूला. अंथरुणात कूस बदलताना, रिक्षातून उतरताना, एका पायावर उभं राहून पॅन्ट घालताना चमक येते. इथे त्या ‘दुखतंय का?’वाल्या चाचण्या कामाला येतात. सांध्यावर वेगवेगळ्या दिशांनी ताण देणाऱ्या पाच चाचण्या आहेत. तीन किंवा जास्त चाचण्यांत तुमचं ओळखीचं दुखणं जागं झालं, तर मी एसआय धरून चालते. हाड कुठे बसलंय हे यातली एकही चाचणी सांगत नाही, सांधा चिडलाय का एवढंच सांगते. उपायही बसवण्याचा नाही. ताण काही आठवडे कमी करायचा, मग कुल्ल्याच्या आणि पोटाच्या स्नायूंना हळूहळू कामाला लावायचं. गरोदरपणात साधारण पाचातल्या एकीला पेल्विसचं असं दुखणं होतं. तिथे खाली, खुब्यांच्या उंचीवर बांधायचा अरुंद पट्टा बऱ्याच जणींना उपयोगी पडतो. पोटावर बांधायचा रुंद पट्टा वेगळा, दुकानदार दोन्हीला एकच म्हणतात.

दुसरी परिस्थिती चुकवायची नाही, आणि ती चुकते. सव्वीस वर्षांचा एक मुलगा दोन वर्षं ‘पेल्विस बसवून’ घेत होता. त्याच्या बोलण्यात सगळं होतं, कुणी विचारलं नव्हतं. पहाटे चारला दुखण्याने जाग. उठल्यावर तासभर कंबर लाकडासारखी. चालायला लागलं की मोकळी, सुट्टीच्या दिवशी लोळत पडलं की जास्त. कुल्ला कधी उजवा दुखायचा, कधी डावा. वर्षभरापूर्वी डोळा लाल होऊन औषध घ्यावं लागलं होतं. हा अँकिलॉझिंग स्पाँडिलायटिस, एसआय सांध्याच्या आतली सूज. त्याला संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं, एसआयचा एमआरआय झाला, एचएलए-बी-२७ ही रक्ताची तपासणी झाली, औषध सुरू झालं. त्याची ती दोन वर्षं फुकट गेली याची हळहळ मला अजून आहे. तुमचं दुखणं पस्तिसाव्या वर्षी सुरू झालंय, म्हणजे पंचेचाळिशीच्या आतलं. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासापेक्षा जास्त टिकतो का, आराम केल्याने वाढतो आणि हालचालीने कमी होतो का, हे मला सांगा. उत्तर ‘हो’ असेल तर माझे पुढचे परिच्छेद बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा.

तिसरी, खुबा. मांडी घालता येत नाही, उकिडवं बसता येत नाही, दुखणं जांघेत उतरतं, तर कमरेऐवजी खुब्याकडे बघायचं. जमिनीवर बसणाऱ्या आपल्या लोकांना ही चाचणी घरच्या घरी होते.

आणि काही गोष्टी फिजिओकडे आणायच्याच नाहीत, थेट दवाखाना गाठायचा: लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचाच्या जागेभोवती आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा, पायातली ताकद झपाट्याने जाणं, ताप, वजन घटणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, रात्री पडूनही न थांबणारं दुखणं. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजून दिसतो, त्यामुळे संध्याकाळचा बारीक ताप आणि वजन उतरणं हलक्यात घेऊ नका.

यातलं काहीच नसेल, आणि तुमच्या वर्णनावरून मला तसंच वाटतं, तर तुमची कंबर दुखते कशाने? प्रामाणिक उत्तर असं की एकच एक कारण बहुधा सापडणार नाही. एमआरआयमधला बल्जही पुरेसा नाही. कंबर न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय एकत्र करून २०१५ मध्ये पाहिलं, तेव्हा चाळिशीतल्या निम्म्या लोकांत बल्ज होता. तुमचं दुखणं गुडघ्याखाली उतरत नाही, मुंग्या नाहीत, म्हणजे शीर दबल्याची खूण मला दिसत नाही.

मला जे दिसतं ते वेगळं आहे. आठवड्यातले पाच दिवस तुमची कंबर खुर्चीत आणि गाडीवर, आणि मग एका संध्याकाळी गाडी भरायची म्हणून एकदम तीस गठ्ठे. मधला चढ नाहीच. शिवाय तुम्ही लिहिलंय की ‘पेल्विस परत सरकू नये म्हणून’ सात महिने वाकणं टाळताय, मुलीला उचलत नाही, सकाळचं चालणं सोडलंय. म्हणजे कंबर आणखी कच्ची होत गेली, कामाच्या दिवशीचा भार मात्र तेवढाच राहिला.

हे सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत फार स्पष्ट दिसतं. सिद्धरामेश्वरांच्या या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे उंच, जड काठ्या, निघतात. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी आणि भक्त तेवढा उंच ध्वज तोल सांभाळत पेलतात. पेल्विस सरळ ठेवून हे कुणाला जमणार नाही. पाऊल टाकताना, ध्वज कलताना कंबर सतत इकडेतिकडे होते. जे आधीपासून नेमाने सराव करतात त्यांच्यातले क्वचितच माझ्याकडे येतात. येतात ते यात्रा तोंडावर आल्यावर उत्साहाने हात घालणारे. पन्नाशीतला सराव असलेला माणूस निभावतो आणि पंचविशीतला पोरगा उसण भरून झोपतो. दोघांच्या पेल्विस तपासून हा फरक कळणार नाही, गेल्या दोन महिन्यांत कुणी किती भार पेलला हे विचारल्यावर कळतो.

तर तुमच्यासाठी मी काय करेन? समोर तपासलं नाही, म्हणून हे ढोबळ समजा. पण तुमच्यासारखे शंभरेक पेशंट पाहिल्यावर माझी सुरुवात बहुधा अशीच होते.

आधी चालणं परत सुरू. सकाळी, ऊन चढायच्या आत. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये नऊनंतर चालायला सांगणं म्हणजे पेशंटवर अन्याय. दहा मिनिटांपासून सुरुवात, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत अर्ध्या तासापर्यंत, आठवड्यातून पाच दिवस. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत, कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्यांना असं टप्प्याटप्प्याने चालायला लावलं. चालणाऱ्यांत दुखणं परत यायला साधारण २०८ दिवस लागले, न चालणाऱ्यांत ११२. संभाजी तलावाकडे जा, नाहीतर कॉलनीतच फेऱ्या मारा. जागेला महत्त्व नाही.

मग ताकद. पाठीवर झोपून, गुडघे मोडून, कुल्ले उचलायचे. कुशीवर, गुडघा आणि कोपरावर, कंबर उचलून धरायची. खुर्चीतून हात न लावता उठ-बस. हे तिन्ही एक दिवसाआड, स्नायू दमल्याचं जाणवेपर्यंत. आणि माझा सगळ्यात आवडता म्हणजे पिशवी उचलणं. पाच किलो मालदांडी ज्वारी एका पिशवीत भरा. स्टुलावर ठेवा. खुबे मागे नेत वाका, उचला, ठेवा, आठ-दहा वेळा. आठवडाभर निभलं की पिशवी स्टुलावरून पाटावर, पाटावरून जमिनीवर. मग सात किलो, दहा किलो. गठ्ठे उचलणाऱ्या माणसाला गठ्ठ्यांची तयारी गठ्ठ्यासारख्याच गोष्टीने करावी लागते. नुसते झोपून केलेले व्यायाम तिथवर पोचत नाहीत. पाठ पाटीसारखी ताठ ठेवा वगैरे मी सांगत नाही. गुळगुळीत, न घाबरता वाका. पेल्विसला पुढे-मागे होऊ द्या.

दुखलं तर? थोडं दुखणारच. माझा नियम असा: करताना दुखणं दहातल्या चारपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते रोजच्या पातळीवर परत आलेलं हवं. नसेल तर पिशवीतली दोन किलो ज्वारी काढा, व्यायाम बंद करू नका. आठ ते बारा आठवडे धरून चाला. पहिले तीन आठवडे ‘काहीच फरक नाही’ वाटेल. याच काळात बहुतेक लोक परत बसवून घ्यायला जातात.

कारखान्यात एका संध्याकाळी तीस गठ्ठे होतात, तिथे मालकाशी बोलून गाडी दोन टप्प्यांत भरता येते का बघा. एखादा हेल्पर जोडीला घ्या. दर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी खुर्चीवरून उठा. मागच्या खिशातलं जाड पाकीट गाडीवर बसताना पुढच्या खिशात ठेवा. त्याने पेल्विस वाकडी होते म्हणून सांगत नाही, एका कुल्ल्यावर अर्धा तास गाठोडं घेऊन बसणं कुणालाच सुखाचं नाही म्हणून. गाडीचा मागचा शॉकअप आणि टायरमधली हवा तपासून घ्या. स्पीडब्रेकर आला की बूड किंचित उचला, गुडघ्यांना धक्का घेऊ द्या. गाडी सोडायची गरज नाही.

पट्ट्याबद्दल: जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यात कमरेचे पट्टे, ट्रॅक्शन (कंबर ताणणं), अल्ट्रासाउंडचा शेक, टेन्सची (विजेच्या सौम्य झिणझिण्यांची) मशीन हे नेहमीचा उपाय म्हणून वापरू नका असं म्हटलंय. व्यायाम आणि नीट समजावून सांगणं यांना जागा दिलीय. (ट्रॅक्शनचं टेबल माझ्याकडेही होतं. हप्त्यावर घेतलेलं. आता त्याच्यावर मुलं वह्या ठेवतात.) पट्टा एकदम टाकू नका. आधी जाताना सोडा, येताना बांधा, मग दोन्ही वेळा सोडा.

तुम्हाला जे बसवून देतात त्यांच्याशी भांडू नका. त्यांचा हेतू वाईट असेल असं मी समजत नाही, मीच तिथे होते. हाताच्या उपचाराने हलकं वाटतं तर पहिल्या महिन्यात दोनदा घ्या, आणि त्या हलक्या दोन दिवसांत पिशवीचा व्यायाम करा. त्यांना फक्त एक विचारा, ‘मी इथे यायचं कधी थांबवू?’ याला तारखेचं उत्तर मिळालं तर उत्तम.

राहिला टाचेखालचा पॅड. तो दोन आठवडे काढून ठेवा आणि रोज रात्री भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुखण्याचा आकडा लिहा, शून्य ते दहा. मग दोन आठवडे घाला, आकडे लिहीत राहा. पॅड असताना आकडे स्पष्ट खाली दिसले तर वापरा, माझी हरकत नाही. सारखेच दिसले तर काढून टाका. दोन्ही वेळचे आकडे आणि सकाळच्या ताठरपणाची मिनिटं मला इथेच कळवा, मग पुढचं ठरवू.